घेणार आणि जमानतदार

त्याचं नाव लटारू. अकरा वर्षं हे नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. आता काढतो, आणि काही होत नाही. जीभ झडत नाही. भात, मीठ, लटारू. तसाच एक शब्द.

आमच्याकडे महापरसाद मानायची रीत आहे. कुणी म्हातारा जगन्नाथपुरीला जाऊन आला की तिथल्या प्रसादाचा वाळलेला भात फडक्यात बांधून आणतो. ज्या दोघांचं मन जुळलं असेल त्यांनी चार माणसांसमोर त्या भाताचं शीत एकमेकांच्या तोंडात घालायचं, नारळ बदलायचे, आणि त्या घडीपासून दोघे एकमेकांचे महापरसाद. भावाभावांत फूट पडते, सोयरिकी मोडतात, महापरसाद मोडत नाही म्हणतात. त्यात जातही आड येत नाही. तो कुणब्याचा, धानाची शेती करणाऱ्या देवाजीचा एकुलता एक मुलगा. मी ढिवर, तलावातली मासोळी धरणारा. अट एकच, पण मोठी. एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची तीही ‘महापरसाद’ म्हणून. ज्याने नाव घेतलं त्याने नातं तोडलं. एवढा सोपा कायदा सरकारलाही करता आलेला नाही.

शेचाळीस साली आम्ही महापरसाद झालो. तो वीस वर्षांचा, मीही तेवढाच. त्याला पोहायला मी शिकवलं होतं आणि मला तंबाखू मळायला त्याने. यापलीकडे मोठं असं काही आमच्यात घडलेलं नव्हतं. मैत्रीला फार काही घडावं लागत नाही.

लटारूला चिखलाचा कंटाळा. रोवणी आली की त्याची पाठ दुखायची, कापणी आली की डोकं. एक वर्ष नागपूरला जाऊन कुठल्याशा शिंप्याच्या दुकानात राहिला आणि गळ्यात माप घ्यायची फीत घालून परत आला. बांधावर उभा असला तरी फीत गळ्यात. लोक म्हणायचे, देवाजीचा लेक आता धानाचंही माप घेईल आणि बंडी शिवेल. तो हसायचा. हसणं त्याला छान जमायचं. हे मी आजही कबूल केलं पाहिजे.

पंचावन्न सालच्या कार्तिकात त्याने मशीन घ्यायचं ठरवलं. वडशाला धानाच्या आडतीशेजारी एका दुकानात शिलाई मशिनी हप्त्याने मिळायच्या. हाताने फिरवायची, लाकडी झाकणाची मशीन. छत्तीस रुपये रोख आणि पुढे महिन्याला दहा असे पंधरा हप्ते. दुकानदाराला सही करणारा जमानतदार पाहिजे होता. देवाजीने सांगून टाकलं की मी अंगठा देणार नाही, माझा अंगठा शेतासाठी आहे. आमच्या ढिवर मोहल्ल्यात सही करणारा मी एकटा. चौथी पास. गावात त्याचा मला थोडा ताठाही होता. तो ताठा त्या दिवशी कामी आला.

दुकानात गेलो तेव्हा गर्दी होती. लटारू बाहेर बैलबंडीत धानाचं तणीस पसरून मशीनीसाठी जागा करत होता. मुनीमजीने छापील कागद पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, नाव काय. मी विचारलं, कोणाचं. तो म्हणाला, घेणाऱ्याचं, आणखी कोणाचं. आता घेणारा लटारू. त्याचं नाव मी कसं घेणार? मी म्हणालो, तो बाहेर आहे, येऊन सांगेल. मुनीम चिडला. मागे तिघं उभे होते, त्याला गाडीने कुठे जायचं होतं. म्हणाला, तुला तोंड आहे का नाही, नाव सांग. मला वाटलं, तोवर जमानतदाराचं तरी लिहून होईल. सांगितलं, मनसाराम वल्द उरकुडा शेंडे. त्याने लिहिलं. तेवढ्यात लटारू अंगावरचं तणीस झटकत आत आला. मुनीमने त्याला विचारलं, तू कोण. लटारूने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, यांच्या संगं आहो. माझं नाव त्यालाही घेता येत नव्हतं. मुनीमने त्याचं नाव विचारून खाली लिहून टाकलं. वर मी सही केली, खाली त्याने अंगठा दिला.

कागदाचा छापील भाग इंग्रजीत होता. कोणती ओळ कोणासाठी ते मला कळलं नाही, आणि चौथी पास माणूस दहा जणांसमोर ‘कळलं नाही’ म्हणत नसतो.

येताना आम्ही पूर्ण वाट मशीनीजवळ तणसात बसून आलो. बैलांना वाट माहीत होती. लटारू झाकण उघडून दांडा फिरवायचा, सुई खालीवर व्हायची आणि दोघंही हसायचो.

चार हप्ते त्याने नेमाने भरले. पण आमच्या गावात कपडे शिवतो कोण? लग्नसराई आणि दिवाळीनंतरची मंडईची जत्रा सोडली तर फाटलेलं सांधायचं काम. फागणात तो म्हणाला, आलापल्लीला सागवानाच्या डेपोवर एक ठेकेदार आहे, त्याच्या चौकीदारांचे खाकी कपडे शिवायचं काम मिळतं. बायको नीलाबाई, दोन लेकरं आणि मशीन घेऊन तो गेला. मी आरमोरीपर्यंत पोचवायला गेलो होतो.

जेठात वडशाच्या दुकानातला माणूस सायकलवर माझ्या दारात आला. दोन हप्ते थकले म्हणाला. मी म्हटलं, त्याला आलापल्लीला चिठ्ठी टाका. त्याने मराठीत छापलेली पावती दाखवली. ‘घेणार’च्या पुढे माझं नाव होतं. ‘जमानतदार’च्या पुढे त्याचं. मी आधी हसलो. मग दुकानात जाऊन मुनीमला सगळं समजावून सांगितलं, की नाव घ्यायचं नसतं म्हणून असं झालं. त्याने ऐकून घेतलं आणि शेजारच्यालाही बोलावून ऐकवलं. दोघांना गंमत वाटली. मग म्हणाला, कागद तो कागद. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला तर ती पायरी कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

मी भरत गेलो. आधी मागचे, मग दर महिन्याचे. आठ हप्ते, ऐंशी रुपये. एक बकरी गेली, गोकुळाच्या हातातले चांदीचे कडे गेले. गोकुळा माझी बायको. तिने कडे काढून दिले तेव्हा एवढंच विचारलं की महापरसादाले माहीत हाय का. मी हो म्हटलं. ते खरं होतं. मास्तरकडून पत्ता लिहून घेऊन मी लटारूला दोन पोस्टकार्डं टाकली होती. पत्त्यावरचं नाव लिहायलाही माझा हात धजत नव्हता. कार्डात सगळं लिहिलं होतं, की मुनीमने नावं उलटी लिहिली, कागदाने मशीन माझी झाली आहे, तू ये, दुकानात जाऊन सांगू. उत्तर आलं नाही. हात दाखवून अवलक्षण करतात ते असं.

एकदा देवाजीकडे जाऊन बसलो. म्हातारा चांगला माणूस होता. मला बापू म्हणायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “दुसऱ्या कोनाचं देणं असतं तं मी धान इकून देल्लो असतो, बापू. पन तुमी महापरसाद. तुमच्या मधात बाप पडला तं लोक म्हनतीन, यायचं शीत कच्चंच होतं.” उठताना त्याने पायलीभर तांदूळ माझ्या धोतरात ओतले. मी ते घरी आणले.

मग तलाव आला. जमीनदारांची मालगुजारी गेल्यापासून आमचा तलाव सरकारात जमा, आणि मासोळीचा ठेका निघायचा. आम्ही अकरा घरांनी मिळून तीन वर्षांचा ठेका घ्यायचं ठरवलं. घरामागे साठ रुपये, रामनवमीच्या आत. जो भरणार नाही त्याचा वाटा बाकीच्यांत वाटला जाईल. तीन वर्षं त्याने तलावात जाळं टाकायचं नाही. हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, मीच लिहून काढलं आणि मीच वाचून दाखवलं. ढिवराच्या हातून तलाव गेला तर तो नुसता पाण्याकाठी राहणारा माणूस. माझ्या बापाने, आजाने दुसरं काही केलं नव्हतं, मलाही दुसरं काही येत नव्हतं. आणि घरात त्या दिवशी चार रुपये होते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

शिमगा झाल्यावर मी आलापल्लीला निघालो. गोकुळाने नीलाबाईसाठी सुकी मासोळी बांधून दिली. पावत्या मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. गडचिरोलीला इलेक्शनच्या जीपगाड्या अजून धुरळा उडवत होत्या. आष्टीला डोंग्यातून नदी ओलांडली. डोंगेवाला आमच्याच जातीचा निघाला, त्याने पैसे घेतले नाहीत. पुढे जंगलच जंगल. सागवान पानं गाळून उभा होता. दोन दिवसांच्या वाटेत मी एकच गोष्ट ठरवत होतो, की पहिलं वाक्य काय बोलायचं.

लटारू मला पाहून धावत आला. मिठी मारली. नीलाबाईने पाय धुवायला गरम पाणी दिलं. झोपडी कुडाची, पण बाहेर छपरी काढून तिथे मशीन मांडलेली, शेजारी खाकी कापडाचा गठ्ठा. मशीनीला तेल दिलेलं होतं. माझ्या जाळ्यापेक्षा त्याने ती नीट ठेवली होती. बसल्या बसल्या त्याने माझं माप घेतलं. महापरसादाच्या अंगात अशी फाटकी बंडी शोभत नाही म्हणाला. मी हात पसरून उभा राहिलो. ज्या माणसाकडे पैसे मागायला आलो तो माझी छाती मोजत होता, आणि मी श्वास सोडला तर माप चुकेल म्हणून तो धरून होतो.

दोन दिवस गेले. तो डेपोतल्या गोष्टी सांगायचा, मी गावातल्या. पैशाचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. त्याला कळलं होतं मी का आलो. त्याला कळलं आहे हे मला कळलं होतं. जेवताना नीलाबाई मला जास्त वाढायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सागाच्या लठ्ठ्यांच्या थप्पीवर बसलो होतो. मी बोललो. तलावाचे साठ रुपये सांगितले, रामनवमी सांगितली. हेही म्हणालो की ऐंशी राहू दे, साठच दे, बाकीचं पाहू. तो तंबाखू मळत होता. मळून झाली तरी मळत राहिला.

“कागद तं तुझ्याच नावाचा हाय नं, महापरसाद,” तो म्हणाला. “तुझं कार्ड मी मुकादमाकून वाचून घेतलं. तो म्हने, ज्याचं नाव पह्यले, देणं त्याचं.”

मी म्हटलं, मशीन कोणाची आहे ते तुला माहीत आहे. तो हसला. तेच हसणं. म्हणाला, “कागदानं तं मशीनबी तुझीच हाय. घेऊन जाय मंग.”

हे त्याने थट्टेनं म्हटलं. मी नेणार नाही याची त्याला खात्री होती. मी काही वाईट माणूस नव्हतो आणि तो मला वीस वर्षं ओळखत होता. मला राग यायला हवा होता. मी रागाची वाट पाहत थोडा वेळ बसलो. तो आला नाही. छातीत जिथे तो यायचा तिथे काहीच नव्हतं, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

मी उठलो आणि झोपडीकडे गेलो. मशीनीत खाकी कापड अडकलेलं होतं. दोरा तोडून ते काढलं, घडी करून गठ्ठ्यावर ठेवलं. लाकडी झाकण लावलं. माझं धोतर काढून मशीन बांधली, मी लंगोटीवर पंचा गुंडाळला. नीलाबाई चुलीजवळून बघत होती. आधी तिलाही थट्टा वाटली. मी मशीन डोक्यावर घेतली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, भाऊजी, लेकरं काय खातीन. मी ऐकलं. वाटेला लागलो.

मोटारगाडी डेपोच्या फाटकाशी थांबायची. तिथे पोचलो तोवर लटारू मुकादमाला घेऊन आला. मागे लठ्ठे वाहणारे वीसतीस जण. मुकादमाचं नाव वारलू. धिप्पाड माणूस, आवाज हळू. त्याचे चाळीस सदरे शिवायचे राहिले होते, म्हणून मशीन डेपोत राहण्यात त्याचाही हिशेब होता. त्याने लटारूला विचारलं, मशीन कोणाची. लटारू म्हणाला, माझी. मग मला विचारलं. मी पावत्यांतली वरची काढून पुढे केली. वारलूने ती घेतली नाही.

“तूच वाच,” तो म्हणाला. “मोठ्यानं वाच. सगळ्यांले आइकू जाऊ दे.”

मी वाचायला लागलो. दुकानाचं नाव वाचलं, तारीख वाचली, दहा रुपये मिळाले असं वाचलं. घेणार, मनसाराम वल्द उरकुडा शेंडे, हेही वाचलं. पुढची ओळ आली आणि मी थांबलो. लटारू माझ्याकडे बघत होता. त्याला दिसलं मी कुठे थांबलो आहे. मला वाटतं, त्या क्षणी त्याने हाताने जरी खूण केली असती, की राहू दे, तर मी कागद खिशात घातला असता. तलाव गेला असता, तरी घातला असता. त्याने खूण केली नाही. मी आणखी थोडा थांबलो. तो मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार देत होता आणि मी तोंड उघडणार नाही असं त्याने गृहीत धरलं होतं.

“पुढं,” वारलू म्हणाला.

“जमानतदार, लटारू वल्द देवाजी.”

बाकी लोकांना ते नावच होतं. लठ्ठ्यावर बसलेला एक जण बिडी ओढत होता, तो ओढत राहिला. लटारूचा चेहरा मात्र बदलला. राग नाही, दुसरंच काही. झोपेतून कुणी उठवल्यावर माणूस बघतो तसा तो बघत राहिला. वारलूने मान हलवली. कागद याचा आहे, माल याचा, असं म्हणून तो सदऱ्यांची दुसरी सोय बघायला निघून गेला.

गाडी आली. मशीन टपावर चढवायची होती आणि एकट्याने ती वर जाईना. लटारू पुढे झाला. त्याने खालून हात लावला, दोघांनी मिळून ती वर दिली. टपावरच्या पोराला तो म्हणाला, “हळू ठेव बापा, दांडा वाकंल.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बस, मनसाराम. गाडी सुटते.”

माझं नाव त्याच्या तोंडून मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आवाज तोच होता. मी बसलो.

वडशाच्या दुकानात मशीन परत दिली. मुनीमने फिरवून पाहिली, चांगली ठेवली म्हणाला. पंचाण्णव ठरले, त्यातून राहिलेल्या हप्त्यांचे तीस कापले, पासष्ट हातात दिले. माझे ऐंशी गेले होते, म्हणजे मी पंधराने खड्ड्यात. लटारूचे रोख छत्तीस आणि चार हप्त्यांचे चाळीस, असे शहात्तर गेले होते, आणि त्याच्या हातात मशीनही नव्हती. हा हिशेब मी स्टेशनच्या बाकावर बसून केला. दोनदा केला, बरोबर आला. त्यातले काही रुपये न्यायाने त्याचे होते. साठ तलावाचे काढल्यावर पाच उरले. ते मी त्याला पाठवले नाहीत. गोकुळाला लुगडं घेतलं, स्वस्तातलं.

साठ भरले. तलावातला माझा वाटा टिकला. गोकुळाला मी सगळं सांगितलं, नावाचंही. तिने लुगडं घडी मोडून पाहिलं आणि परत घडी केली.

वैशाखात पाणी उतरलं की आम्ही मोठं जाळं ओढतो. अकरा जण, पाच एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला, छातीभर पाण्यात. एकदा ओढ सुरू झाली की दोर कुणी सोडायचा नसतो. एकाने सोडला तर जाळ्याची कड उचलते आणि सगळ्यांची मासोळी खालून जाते. त्या दिवशी सकाळीच जाळं पाण्यात पडलं होतं, तेव्हा गोकुळा तलावाच्या बांधावर, पाळीवर येऊन उभी राहिली. तिने मला सांगितलं की देवाजीभाऊ गेले. तेंदूपानं तोडायला गेले होते, ऊन लागलं, पाच दिवस पडून होते. पाच दिवस. त्यांचं घर आमच्या घरापासून हाकेवर. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जाळं पाण्यात आहे.

महापरसादाच्या घरची मयत ती आपल्या घरची मयत. मुलाने पुढे विस्तवाचं मडकं धरायचं, महापरसादाने तिरडीला पहिला खांदा द्यायचा. दहा दिवस दोन्ही घरांत सुतक, मासोळी चुलीवर चढवायची नाही. विसाव्याची जागा आमच्या तलावाच्या पाळीवरच आहे. तिथे तिरडी टेकवतात आणि खांदे बदलतात.

ते आले तेव्हा आम्ही अर्ध्या तलावात होतो. लटारू पुढे, हातात मडकं. तो आलापल्लीहून आदल्या दिवशी आला होता. खांद्यावर घट्टे दिसत होते, लठ्ठे वाहणाऱ्यांना पडतात तसे. त्यांनी तिरडी टेकवली. पहिल्या खांद्याला कुणीतरी चुलत पुतण्या होता, तो बाजूला झाला. आता कोण लागतो ते बघत सगळे थांबले. लटारूने तलावाकडे पाहिलं. माझे दहाही जण दोर धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले. डोमा माझ्या शेजारी होता. तो हळूच म्हणाला, “जाय तू. धरतो आमी दोर.”

देवाजीने माझ्या धोतरात ओतलेले तांदूळ मला आठवले. वाईट वाटलं. पण ते दूर कुठेतरी वाटलं, दुसऱ्या गावी मेलेल्या माणसाचं वाटावं तसं. पाय चिखलात होते आणि निघाले नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग लटारूने मान वळवली, दुसऱ्या कुणी खांदा दिला आणि ते पुढे गेले.

“ओढा,” मी म्हणालो.

त्या वर्षीची ती सगळ्यांत चांगली ओढ. माझ्या वाट्याला सात शेर मासोळी आली. पाच शेर वडशाच्या बाजाराला दिली, दोन शेर घरी आणली. गोकुळाने टोपली उतरवून घेतली आणि ती पायरीवरच ठेवून उभी राहिली.

“रांधू का?” तिने विचारलं.

मासोळी रोजच रांधली जायची, ती कधी विचारत नव्हती. ती काय विचारते आहे ते मला कळलं. मी म्हणालो, “रांध.”

तिने साफ केली, मीठहळद लावली, रस्सा केला. मला ताट वाढलं. मी जेवलो. चव लागली. लागणार नाही असं वाटलं होतं. मी भात पुन्हा मागून घेतला. मग ती आपलं ताट घेऊन बसली. त्यात भात होता आणि कडेला मीठ. मी बघितलं, मी बघितलेलं तिने बघितलं.

दहा दिवस ती तशीच जेवली. दहाही दिवस तिने माझ्यासाठी मासोळी रांधली आणि मी ती खाल्ली.